सोमवारची अकरा मापं

ताई ज्या कारखान्यात कामाला होती तिथे पाय बनायचे. अपघातात गेलेले, साखरेने गेलेले, जन्मापासून नसलेले, असे सगळे पाय तिथे मापाने तयार व्हायचे. नवा पाय लागला की माणसाला दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून चालायला शिकवायचं, हे ताईचं काम.

तिथलं कॉम्प्युटरचं काम धाकट्याला मिळालं ते ताईमुळे. धाकटा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी तो ताईचा धाकटा होता, दुसऱ्या दिवसापासून नुसताच धाकटा. नाव कोणी विचारलंच नाही.

तो हे काम कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. ताईच्या घरातली मागची खोली, भंगारातून आणलेला एक कॉम्प्युटर आणि मोबाइलवर बघितलेले शेकडो व्हिडिओ, एवढीच त्याची शाळा. शिकला मात्र झपाटल्यासारखा. एका दणकट मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने तीन-चार खोटी मशीनं उभी करायची. प्रत्येकाला वाटतं आपलं घर स्वतंत्र आहे. खरं तर एकाच छपराखाली सगळी बिऱ्हाडं. आणि यातली भारी गोष्ट म्हणजे प्रत्येक मशीनचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवता येतो. स्नॅपशॉट म्हणतात त्याला. फोटो काढला की मग करा काय उचापती करायच्या त्या. वाट लागली की त्या फोटोवर परत जायचं. मशीन त्या क्षणाला जसं होतं तसं उभं. मधलं सगळं पुसलं.

घरी धाकटा हे दिवसातून दहा-दहा वेळा करायचा. मोडलं, मागे नेलं. परत मोडलं, परत मागे नेलं. बोटंच तशी वळली होती त्याची. घरी त्या मशीनमध्ये दुसरं कोणी राहत नव्हतं, हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

कारखान्यात तीन म्हातारे कॉम्प्युटर होते. एक मापांचा, एक साच्यांचा, एक सामानाचा. एकाने मान टाकली की दोन दिवस सगळे बसून. म्हणून साहेबांनी नवी मोठी पेटी आणली आणि ताईला विचारलं, हे तिघं त्या एकात घालून देणारा कोणी आहे का?

"माझा भाऊ करेल," ताई म्हणाली. "माझ्या शब्दावर द्या."

त्याने केलंही. शनिवार-रविवार मान मोडून काम केलं. तिन्ही म्हातारे नव्या पेटीत आणले, प्रत्येकाला जागा दिली, मेमरी वाटून दिली. रविवारी संध्याकाळी तिन्ही मशीनं एका पडद्यावर एकाखाली एक हिरवी दिसायला लागली तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो काढून ताईला पाठवला. ताईने अंगठा पाठवला. मग अजून तीन अंगठे.

पण खरी परीक्षा सोमवारी होती. मापाच्या काकू.

काकू सव्वीस वर्षं मापं घेत होत्या. टेपने पाच ठिकाणी माप, उंची, शाबूत पायाची लांबी, आणि मग एक रकाना त्यांचा स्वतःचा: शेरा. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही.' 'खाली मांडी घालून बसायची सवय.' 'लाजतो, लांब पॅंट घालणार.' हे सगळं आतापर्यंत कार्डावर पेन्सिलीने लिहायच्या. साहेबांनी ठरवलं की सोमवारपासून कार्ड बंद, सगळं थेट कॉम्प्युटरवर. आदल्या आठवड्यात धाकट्याने त्यांना रोज तासभर शिकवलं होतं.

"अरे, हा बाण पळतो कुठे?"

"काकू, तुम्ही माउस टेबलावरून उचलताय."

"मग सांगायचं ना, घासायचा असतो म्हणून. मला वाटलं धरायचा असतो."

हसायच्या, पण वहीत लिहून घ्यायच्या. पहिलं हे, मग ते, शेवटी सेव्ह, मग हिरवी पट्टी दिसेपर्यंत उठायचं नाही. धाकट्याने बघितलेल्यांत एवढं शिस्तीचं माणूस एकच, काकू. तो स्वतःही तसा नव्हता.

सोमवारी सकाळी साडेआठला त्याने तिन्ही मशीनांचे स्नॅपशॉट काढले. नाव दिलं: 'सगळं नीट'. पावणेनऊला साहेबांनी कार्डांचं खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. काकूंनी नमुन्याचं एक लेबल छापलं. प्रत्येक माणसाच्या सामानाची पिशवी खुंटीला लटकते, तिच्यावर हे लेबल लागतं. लेबल झर्रकन बाहेर आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अक्षरं जरा मोठी कर रे," साहेब म्हणाले. "आपल्या प्लास्टरला दिसत नाहीत."

प्लास्टर म्हणजे साचे घेणारे काका. सदरा, भुवया, चपला, सगळं कायम पांढरं.

"चष्मा आहे माझ्याकडे," प्लास्टरकाका म्हणाले. "पण तो शोधायला दुसरा चष्मा लागतो."

अक्षरं मोठी करायची. पाच मिनिटांचं काम. धाकट्याने मापांच्या मशीनमध्ये प्रिंटरची सेटिंग बदलली. लेबल कोरं आलं. आणखी एक बदललं. लेबल आलंच नाही. प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवं टाकलं, तर प्रिंटर दिसायचाच बंद झाला. इकडे काकूंकडे माणसं येत होती, कुबड्या भिंतीला लावून बसत होती, माप देऊन जात होती. काकू एका बोटाने टाइप करत होत्या, हिरव्या पट्टीची वाट बघत होत्या. धाकटा बाजूच्या खोलीत घामाघूम. साहेब दर पंधरा मिनिटांनी दारात.

"झालं का?"

"होतंय साहेब."

"झालं का रे?"

"हो, झालंच."

प्लास्टरकाका डोकावले. "इंजिनियरसाहेब, आमचं प्लास्टर वेळेत काढलं नाही तर दगड होतो. तुमचं काय होतं?"

अकरा चाळीसला धाकटा काकूंच्या खोलीत आला. खोली रिकामी होती, शेवटचा माणूस नुकताच गेला होता.

"काकू, दोन मिनिटं उठता का? मशीन बंद-चालू करतो."

"कर की. माझं सगळं सेव्ह आहे हं. अकरा झाली. मी हात धुऊन येते."

"हो हो," धाकटा म्हणाला.

ऐकलं त्याने. नंतर तो स्वतःला सांगायचा प्रयत्न करणार होता की नीट ऐकलं नव्हतं. पण ऐकलं होतं. अकरा हा आकडासुद्धा.

तो त्याच्या पडद्यासमोर जाऊन बसला आणि बोटं आपोआप गेली जिथे जायची तिथे. मापांचं मशीन. 'सगळं नीट'. मागे न्या. पडद्याने विचारलं, आत्ताची स्थिती आधी जपून ठेवायची का? घरच्या कॉम्प्युटरवर जागा कमी, त्यामुळे या प्रश्नाला त्याचं उत्तर कायम ठरलेलं. नाही. चाळीस सेकंदांत मशीन उभं राहिलं. प्रिंटर दिसला. लेबल झर्रकन बाहेर आलं. लहान अक्षरांत, पण आलं.

"वा रे पठ्ठ्या!" साहेबांनी पाठीवर थाप मारली. ताई दारातून बघत होती. तिचा चेहरा असा फुलला होता की बस.

जेवण झालं. दीड वाजता काकू लेबलं छापायला बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, माझी माणसं कुठे गेली?"

धाकट्याला तिथेच, त्या क्षणी कळलं. साडेआठ. साडेआठला मशीनमध्ये काकूंचा एकही माणूस नव्हता.

साहेब आले, प्लास्टरकाका आले. काकू पडद्याकडे बघत होत्या, मग वहीकडे, परत पडद्याकडे. "मी दाबलं होतं. दर वेळी दाबलं. हिरवी पट्टी आली होती." मग धाकट्याकडे वळून, "तुला मी म्हटलं होतं ना रे, सेव्ह आहे म्हणून?"

"हो, म्हणाला होतात."

"म्हणणं वेगळं आणि दाबणं वेगळं, काकू," साहेब हळूच म्हणाले. चांगला माणूस. आवाज चढवला नाही. "बघ रे धाकट्या, आत कुठे पडलीत का."

धाकट्याने बघितलं. सगळे त्याच्या मागे उभे. त्याने यादी उघडली, वर नेली, खाली नेली. सगळं बघून झाल्यासारखं.

"इथे एकही नोंद नाही, साहेब."

शब्द न् शब्द खरा होता. एवढं मोठं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

काकू खुर्चीत मागे टेकल्या. "दाबलं असेल ना मी?" असं त्या म्हणाल्या. कोणालाच नाही, टेबलाला. मग एकदम सरळ बसून त्या बोलायला लागल्या. "पहिला तो बसवाला. डावा, गुडघ्याखाली साडेचौदा. पोटरीचा घेर एकतीस. त्याच्यामागे ती शिंपीणबाई, उजवा, सोळा..." चार माणसांची मापं त्यांनी घडाघड सांगितली. पाचव्याला अडकल्या.

"काकू, राहू द्या," साहेब म्हणाले. "पाय आठवणीवर नाही बनत. बोलावू परत सगळ्यांना."

चहाच्या वेळी सांगायचं होतं, चहा तर झाला. मग संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ताई त्याच्याबरोबर घरी चालत आली, सगळ्या रस्त्याने बोलत. साहेब काय म्हणाले, प्लास्टरकाका काय म्हणाले. "आणि काकूंचं वाईट वाटतं रे. वय झालं आता." धाकटा रस्त्यावरचा एकेक खड्डा मोजत चालला. मग ठरवलं, उद्या.

मंगळवारी काकूंनी स्वतः फोन केले. ताईच्या टेबलावरच्या डायरीत लोकांचे नंबर होते. साहेब म्हणाले, ताई करेल. काकू म्हणाल्या, चूक माझी, फोनही मीच करणार. बाजूच्या खोलीत धाकट्याला सगळं ऐकू येत होतं. "माझ्याकडून चूक झाली हो. हो, माझ्याकडूनच. परत यावं लागेल. माफ करा." अकरा वेळा. चौथ्या फोनला त्याने हेडफोन घातले. हेडफोनमध्ये काहीच लावलं नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट केली त्याने, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही. नवी पेटी सगळ्याची नोंद ठेवते, कोणी कधी काय केलं. त्याने ती नोंद उघडली. सोमवार, अकरा बेचाळीस, मापांचं मशीन, मागे नेलं. पुढे त्याचं स्वतःचं लॉगिन. ही ओळ पुसता येते का, ते त्याने शोधलं. येत होती. पुसली नाही त्याने. पण शोधलं होतं.

बुधवारी माणसं यायला लागली. सगळ्यात आधी बसवाला. वीस वर्षं बस चालवलेला माणूस, आता स्वतः दोन बस बदलून, कुबड्या सावरत आलेला. काकू उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हात जोडले. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

"नीट लक्ष देत जा हो बाई," तो वैतागून म्हणाला. "आम्हाला काय हौस आहे का फेऱ्या मारायची."

"खरंय," काकू म्हणाल्या.

धाकटा कोपऱ्यात प्रिंटरचा कागद भरत होता. काकूंनी टेप लावला. वाचला. काढला, परत लावला. परत वाचला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बसवाल्याने वर बघितलं. काकूंनी आकडा एकेक अंक बोलत टाइप केला. साडेचौदा. घेर एकतीस.

सोमवारी दुपारी आठवणीने सांगितले होते तेच. शिंपीणबाई आली, सोळा. तेही तेच. चारही जणांचं माप तंतोतंत. काकूंच्या हे लक्षात आलं नाही, कारण त्या आता स्वतःच्या आठवणीशी काही ताडून बघतच नव्हत्या. ते फक्त धाकट्याला कळलं. त्याला वाटलं, प्रिंटरच्या मागे जाऊन बसावं.

संध्याकाळी घरी ताईने बॉम्ब टाकला. "काकूंनी आज मला बाजूला घेतलं. विचारत होत्या, विसरण्याचा कोणी डॉक्टर आहे का ग तुझ्या ओळखीत? म्हणाल्या, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दुधाचं पातेलं विसरली, मग आम्हाला."

भाऊजी म्हणाले, "अरेरे." मग म्हणाले, "काय रे, जेवत का नाहीयेस?"

"भूक नाही."

"मोठा माणूस झाला तुझा भाऊ. आता आपल्या घरचं गोड लागत नाही त्याला."

ताई हसली. धाकटा उठला. त्या क्षणी सांगायला हवं होतं. ताट उचललं, घासलं, फळीवर ठेवलं आणि खोलीत गेला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी त्याला आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता, काकूंच्या गोल अक्षरातला.

"बस. काकूंनी हे दिलंय. म्हणतात, मला मापावरून काढा, पट्टे शिवायला बसवा. पायाचं काम आहे, माझ्या हातून कोणाचा पाय चुकायला नको." साहेबांनी कागद त्याच्याकडे सरकवला, मग परत ओढून घेतला. "सव्वीस वर्षं, धाकट्या. एक पाय चुकला नाही त्यांचा. मला निर्णय घ्यायचाय आणि मला या मशीनमधलं काही कळत नाही. तू शिकवलंस त्यांना. तू जवळून बघितलंस. तुला काय वाटतं, काकूंना हे जमेल का?"

म्हणजे आता त्याच्यावर होतं. तो हो म्हणाला असता तर काकू राहिल्या असत्या, नाही म्हणाला असता तर गेल्या असत्या. साहेब त्याच्याकडे असे बघत होते जसे लोक डॉक्टरकडे बघतात.

"जमेल," धाकटा म्हणाला.

"मग सोमवारी काय झालं?"

हेच. बरोबर हेच विचारणार होते ते.

"त्यांनी सेव्ह केलं होतं. मी पुसलं."

"म्हणजे?"

"प्रिंटर चालेना म्हणून मी मशीन साडेआठच्या स्थितीवर नेलं. मागे. म्हणजे साडेआठनंतरचं सगळं गेलं. प्रिंटरचा गोंधळ गेला आणि काकूंची मापंही. चुकून झालं. पण मला दीड वाजताच कळलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. बाहेर दांड्यांवर कोणीतरी चालत होतं, ताईचा आवाज येत होता. उजवा. आता डावा. उजवा.

"मी तुला बघायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर बघितलंस तू."

"हो."

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"जा. काकूंना सांग. मी नाही सांगणार, तुलाच सांगावं लागेल." तो दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "आणि तुझं काय करायचं, ते मी नंतर बघतो."

काकू मापाच्या खोलीत टेप गुंडाळत होत्या. धाकटा उभ्या उभ्याच बोलला. आधी फोटोचं सांगितलं, मग मागे जाण्याचं, मग अकरा चाळीसचं. काकू मधे बोलल्या नाहीत. त्याला वाटलं कळलं नसेल, म्हणून परत पहिल्यापासून सांगायला लागला.

"म्हणजे मी दाबलं होतं?"

"हो."

"अकराही वेळा?"

"अकराही वेळा, काकू."

काकू खाली बसल्या. क्षणभर त्यांचा चेहरा असा सैलावला की धाकट्याला वाटलं, झालं, माफ केलं. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी. तुम्ही म्हणालात ना, माझी माणसं कुठे गेली, तेव्हाच."

"आज गुरुवार."

"हो."

"मी फोन करत होते तेव्हा तू इथेच होतास."

"हो."

"सोमवारपासून मी नातीला शाळेतून आणायला जात नाही, माहितीये तुला?" काकूंचा आवाज चढला नाही, पण टेप त्यांनी टेबलावर ठेवून दिला. "मी सुनेला सांगितलं, माझा भरवसा नाही आता, मधे मोठा रस्ता आहे, मी तिचा हात कुठे सोडला हेही आठवायचं नाही मला. ती बिचारी रोज दुकानातून तासभर मागून घेते. घरी मी गॅसपाशी जात नाही. मुलगा माझ्याशी हळू बोलायला लागलाय. हळू, कळतंय का तुला? लहान मुलाशी बोलतात तसं."

"काकू, मला माफ..."

"माझी माफी नंतर माग. चल."

"कुठे?"

"शाळेच्या दारात. साडेतीन झालेत, सून आता तिथे उभी असेल. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई स्वतःची समजूत घालतेय. तूच सांग तिला."

बाहेर दांड्यांपाशी ताई उभी होती. ऐकलं होतं तिने, भिंत पातळच होती. चालणाऱ्या माणसाला ती म्हणाली, "एक मिनिट थांबा हं काका." मग भावाकडे बघितलं. धाकट्याला वाटलं चार शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"माझ्या शब्दावर घेतलं होतं तुला," एवढंच म्हणाली. परत वळली. "हं काका. डावा उचला."

शाळा दहा मिनिटांवर होती. काकू पुढे, धाकटा दोन पावलं मागे. फाटकापाशी आया, आजोबा, स्कूटर, फुगेवाला, नेहमीची गर्दी. सून औषधांच्या दुकानातला पांढरा कोट घालूनच आली होती.

"आई? तुम्ही एकट्या आलात? रस्ता कसा..."

"हा सांगेल तुला," काकू म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

धाकट्याने तिसऱ्यांदा सांगितलं. दोनदा सांगितल्यावर सोपं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. आजूबाजूच्या दोन-तीन आयांनी माना वळवल्या. सुनेने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याला चार पावलं बाजूला नेलं.

"तुम्हाला त्यांच्या साहेबांनी पाठवलंय का? त्यांना बरं वाटावं म्हणून?" ती हळू आवाजात म्हणाली. "तसं असेल तर तुमचा हेतू चांगला आहे, पण असं करू नका. आम्ही शनिवारी डॉक्टरची वेळ घेतलीये. खोटा धीर दिला तर त्या यायच्याच नाहीत."

सोमवारी खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी पटकन मानलं होतं. आज खरं बोलतोय तर त्याला भला माणूस समजतायत.

"वहिनी, मी भला माणूस नाही," तो म्हणाला. मोबाइल काढला. कारखान्यातून निघताना त्याने त्या ओळीचा फोटो काढला होता. "हे बघा. सोमवार. अकरा बेचाळीस. हे माझं लॉगिन. इथे लिहिलंय, मागे नेलं. काकूंची शेवटची नोंद याच्या आधीची. आणि काल त्यांनी परत मापं घेतली, त्यातली चार सोमवारी त्यांनी तोंडपाठ सांगितली होती. अर्ध्या सेंटिमीटरचाही फरक नाही. तुमच्या सासूबाईंची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे."

सुनेने फोटो मोठा करून बघितला. दुकानात ती दिवसभर कॉम्प्युटरवरच बिलं करायची, तिला फार समजवावं लागलं नाही.

"आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं मालकांनी," ती म्हणाली. मग वर बघितलं. "आणि तू गप्प बसला असतास. हो ना? चार दिवस बसलास तसा."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. धाकट्याने मान हलवली. नाही म्हणायला काही जागा नव्हती.

"सोमवारी रात्री त्या चार वेळा उठल्या. गॅस बघायला. पाचव्यांदा मला उठवून म्हणाल्या, तूच बघ, मला बघितलेलं आठवत नाही." तिने मोबाइल त्याच्या हातात जवळजवळ आपटला. "तुला चार दिवस फक्त लाज वाटत होती."

ती काकूंकडे गेली. काय बोलली ते गर्दीत ऐकू आलं नाही. मिठी वगैरे काही मारली नाही. घड्याळ बघितलं, खांद्यावरची छोटी पिशवी काढून काकूंच्या हातात दिली. "पाण्याची बाटली आतच आहे. मी निघते आई, दुकानात अजून पाऊण तास भरता येईल." आणि घंटा व्हायच्या आधीच, मागे वळून न बघता, निघून गेली.

काकू पिशवी धरून फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धाकटा जवळ गेला.

"काकू, मी थांबू का? रस्ता ओलांडेपर्यंत?"

"कशाला?" काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू कारखान्यात जा. डायरी तुझ्या ताईच्या टेबलावर आहे. मी अकरा जणांना सांगितलंय की चूक माझी. त्या अकराही जणांना फोन कर."

"सात जण येऊन गेले काकू. त्यांची मापं झाली परत."

"मी मापांचं बोलत नाहीये."

तो परतला तेव्हा ताई आणखी एका माणसाला चालवत होती. तिने डायरी आधीच उघडून ठेवली होती. त्याने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. पहिलं नाव बसवाल्याचं.

"हॅलो, मी मापाच्या खोलीतून बोलतोय."

"आता काय? परत यायचं?"

"नाही, नाही. तुमचं माप बरोबर आहे. मी फक्त सांगायला फोन केला. सोमवारी तुमचं माप गेलं ते मापाच्या बाईंमुळे नाही. त्यांनी नीट ठेवलं होतं. मी पुसलं. आणि मी गप्प बसलो."

"ती बाई माझ्यासमोर हात जोडून उभी होती."

"हो. मी तिथेच होतो. कोपऱ्यात."

"मी तिला म्हटलं, नीट लक्ष देत जा." बसवाल्याचा श्वास ऐकू येत होता. "दे तिला फोन."

"त्या शाळेत गेल्यात. नातीला आणायला."

"मग उद्या सकाळी करतो. तिला सांगून ठेव, मी फोन करणार आहे." मग त्याने विचारलं, "तुझं नाव काय?"

ते तिथे पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. धाकट्याने सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

"लक्षात ठेवतो," बसवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

दांड्यांपाशी ताई आकडे मोजत होती. धाकट्याने डायरीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि नंबर फिरवला.